बंद खोलीतला संवाद आणि राष्ट्राध्यक्षाचे अखेरचे वर्ष

औदुंबर

गेल्या महिन्यात वाचनालयातून अमेरिकी पत्रकार बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांचे ‘द फायनल डेज’ आणले आणि आठ रात्री जागून संपवले. विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपण्याच्या वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची अध्यक्षपदाची कारकीर्द कशी ढासळत गेली, याचा हा १९७६ सालचा वृत्तांत. उत्तरार्धात शेवटच्या सुमारे अडीच आठवड्यांची हकीकत दिवसवार दिली आहे, त्यामुळे आपण व्हाइट हाउसच्या एखाद्या जिन्यात उभे राहून सारे पाहतो आहोत असे वाटू लागते.

एका प्रसंगापाशी मात्र मी अडले. ७ ऑगस्ट १९७४ ची रात्र आहे. राजीनाम्याचे भाषण दुसऱ्या दिवशी व्हायचे आहे. निक्सन परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना बोलावून घेतात, बराच वेळ बोलत बसतात, त्यांना रडू आवरत नाही आणि अखेर दोघेही गुडघे टेकून प्रार्थना करतात. खोलीत तिसरे कोणी नाही. निक्सन या लेखकांशी बोललेले नव्हते. तरीही कोण काय म्हणाले, कोणाचा आवाज कधी फुटला, हे सारे लेखक स्वतः तेथे हजर असल्यासारखे लिहितात. आपण ३९४ जणांशी बोललो, असे ते सांगतात; पण कोणते वाक्य कोणाच्या तोंडून आले, याचा ठावठिकाणा पुस्तकात कोठेही लागत नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षावर २०२१ मध्ये एकापाठोपाठ एक पुस्तके आली, त्यांतही हीच रीत दिसते. म्हणून जाणकारांना मनापासून विचारते आहे. राष्ट्राध्यक्षाच्या अखेरच्या वर्षाचे असे पत्रकारी वृत्तांत वाचताना अवतरणचिन्हांतल्या संवादांवर तुम्ही कितपत विश्वास ठेवता? आणि तो कशाच्या आधारावर ठेवता?

कृष्णाकाठ

फार चांगला विषय काढलात, औदुंबरताई. मी हे पुस्तक कॉलेजात असताना वाचले होते आणि प्रार्थनेचा तो प्रसंग आजही लक्षात आहे. तो खरा की खोटा, हा प्रश्न मात्र त्या वयात मनात आला नव्हता.

रानजाई

माझे मत थोडे कठोर आहे. बंद खोलीतले संवाद अवतरणचिन्हांत देण्याचा अधिकार ते ऐकणाऱ्यालाच आहे, आणि त्यालाही तो त्याच दिवशी लिहून ठेवले असेल तरच. दोन वर्षांनी कोणाच्या तरी आठवणीतून आलेले वाक्य अवतरणचिन्हांत छापले की वाचकाचा समज होतो की हेच शब्द उच्चारले गेले. हा समज लेखकाने जाणूनबुजून करून दिलेला असतो, आणि म्हणून मी अशी पुस्तके कादंबरीसारखी वाचते.

त्यात पुन्हा बोलणारे लोक कोण असतात ते पाहा. कारकीर्द बुडत असताना जहाजावरून उतरलेले, किंवा उतरायला हवे होते पण उतरले नाहीत असे. ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसद भवनावर, जमाव चालून गेला आणि त्यानंतरच्या चार-सहा महिन्यांत, ज्यांनी चार वर्षे मान डोलावली होती त्यांतल्या अनेकांना आपण आतून विरोध करत होतो हे आठवू लागले. त्या पुस्तकांत सल्लागार नेहमी ठाम बोलतो आणि राष्ट्राध्यक्ष नेहमी बरळतो. असे होण्याचे कारण उघड आहे. सल्लागाराने त्या संभाषणाची हकीकत सांगितली आहे आणि राष्ट्राध्यक्षाची बाजू तेथे नाही.

बोरू

मी एका मराठी दैनिकात जिल्हा वार्ताहर म्हणून एकतीस वर्षे काम केले. वॉशिंग्टनचा आवाका मोठा, पण कामाची पद्धत फारशी निराळी नाही, म्हणून अनुभवाचे लिहितो.

बोलणाऱ्याशी आधी अटी ठरतात. ‘ऑन रेकॉर्ड’ म्हणजे नावानिशी छापा. ‘बॅकग्राउंड’ म्हणजे नाव नको, पण एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले एवढे लिहायला हरकत नाही. ‘डीप बॅकग्राउंड’ म्हणजे माहिती वापरा, पण ती कोठून आली याचा मागमूस ठेवू नका. वुडवर्ड यांची बहुतेक पुस्तके या तिसऱ्या अटीवर उभी आहेत. म्हणूनच त्यांच्या पानांवर ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्दही सापडत नाहीत आणि वाचकाला थेट खोलीत नेऊन बसवले जाते. आपली मराठी वृत्तपत्रे निदान ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असे लिहितात. त्या शब्दांना लोक हसतात, पण वाचकाला सावध करण्याचे काम ते करतात.

आता माझी चूक सांगतो. एका जिल्हा परिषदेत अध्यक्षांच्या राजीनाम्यावरून बंद दाराआड बैठक झाली. रात्री एका सदस्याने मला अध्यक्षांचे एक झोंबरे वाक्य सांगितले. एका तोंडाचे छापू नये असा आमचा नियम होता, म्हणून मी दुसऱ्या तालुक्यातल्या सदस्याला गाठले. त्यानेही तेच वाक्य शब्दशः सांगितले. मी खूश झालो आणि चौकटीत छापले. पंधरा दिवसांनी कळले की ते दोघे त्या रात्री एकाच जीपमधून परतले होते आणि वाटेत एका धाब्यावर जेवताना ते वाक्य तयार झाले होते. अध्यक्ष प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ सौम्य बोलले होते. दोन साक्षीदार वेगवेगळे आहेत याची मी खात्री केली, पण त्यांच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत का, याची केली नाही. पुढे प्रत्येक वेळी मी आधी विचारत असे, “बैठकीनंतर तुम्ही कोणाबरोबर परतलात?”

त्यामुळे ३९४ हा आकडा मला एकट्याने पुरेसा वाटत नाही. त्यांतले किती जण एकाच जीपमधले होते, हे कळायला हवे.

कृष्णाकाठ

बोरूकाका, जीपची हकीकत कायम लक्षात राहील.

सनदी

रानजाई, सांगणाऱ्यांचा स्वार्थ असतो हे मान्यच आहे. पण न्यायालयात आम्ही स्वार्थ असलेल्या साक्षीदाराची साक्ष फेकून देत नाही, ती अधिक काळजीने तपासतो. ट्रम्प यांच्या अखेरच्या वर्षाचे वृत्तांत या बाबतीत विशेष उपयोगी आहेत, कारण त्यांतल्या बऱ्याच प्रसंगांची पुढे शपथेवर तपासणी झाली.

पहिले उदाहरण जनरल मार्क मिली यांचे. वुडवर्ड आणि रॉबर्ट कोस्टा यांच्या ‘पेरिल’ या पुस्तकात आले की सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष असलेल्या मिली यांनी ३० ऑक्टोबर २०२० आणि ८ जानेवारी २०२१ रोजी चिनी सेनापती ली झुओचेंग यांना दूरध्वनी करून अमेरिका अचानक हल्ला करणार नाही असे आश्वासन दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा काहींनी त्यांना देशद्रोही ठरवले. २८ सप्टेंबरला मिली सिनेटच्या सशस्त्र दल समितीपुढे शपथेवर बोलले. दूरध्वनी केल्याचे त्यांनी मान्य केले, तारखाही जुळल्या. पण ते गुपचूप केले नव्हते, संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाशी समन्वय होता आणि इतर अधिकारी ऐकत होते, असे त्यांनी सांगितले. घटना खरी ठरली आणि तिच्याभोवतीचा एकाकी सेनापतीचा रंग मात्र उतरला.

त्याच सुनावणीत एका महिला सिनेटरने त्यांना एकेका पुस्तकाचे नाव घेऊन विचारले की या लेखकांशी तुम्ही बोललात का. वुडवर्ड यांच्याशी बोललो, ‘आय अलोन कॅन फिक्स इट’च्या कॅरल लेनिग आणि फिलिप रकर यांच्याशी बोललो, ट्रम्प यांच्यावर पुस्तक लिहिणारे पत्रकार मायकेल बेंडर यांच्याशीही बोललो, असे मिली यांनी मान्य केले. आता जरा बोरूकाकांच्या जीपचा विचार करा. तीन पुस्तकांत एकच प्रसंग सापडला म्हणून तीन साक्षीदार मिळाले असे आपण धरून चाललो होतो, आणि तिन्हींच्या मागे एकच माणूसही असू शकतो.

रानजाई

सनदी, हे मला ठाऊक नव्हते. माझ्याच मुद्द्याला पुष्टी मिळाली असे म्हणते. पण शपथेवरच्या साक्षीने घटना खरी ठरली हा तुमचा भागही मान्य करते.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०२० हे वर्ष आम्ही पुस्तकात वाचलेले नाही, घरात काढलेले आहे, त्यामुळे या विषयावर शांतपणे लिहिणे मला जड जाते.

वर चर्चा चालली आहे ती आठवणीतून लिहिलेल्या संवादांची. पण त्या वर्षातला सर्वांत गंभीर संवाद ध्वनिमुद्रित आहे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ट्रम्प यांनी वुडवर्ड यांना दूरध्वनीवर सांगितले की कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो आणि नेहमीच्या फ्लूपेक्षा जास्त घातक आहे. ध्वनिमुद्रण चालू आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतर सतरा दिवसांनी ते अहमदाबादेत मोटेराच्या मैदानावर लाखभर लोकांपुढे उभे होते. १९ मार्चला त्यांनी त्याच वुडवर्ड यांना सांगितले की आपल्याला या संकटाचे गांभीर्य कमी करून दाखवायचे होते, आणि अजूनही तेच आवडते, कारण लोकांत घबराट पसरवायची नाही.

माझी पत्नी येथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. त्या मार्च-एप्रिलमध्ये तिला आठवड्याला एक मास्क मिळे. घरी आल्यावर ती तो खाकी कागदी पिशवीत ठेवी आणि पिशवीवर पेनाने वार लिही. सोमवारची पिशवी शुक्रवारपर्यंत मऊ पडलेली असे. आमच्या गॅरेजच्या फळीवर त्या पिशव्या रांगेने उभ्या असत आणि मुलांनी तिकडे फिरकायचे नाही असा नियम होता.

वुडवर्ड यांनी हे सारे उघड केले ९ सप्टेंबर २०२० रोजी, ‘रेज’ पुस्तक बाजारात येण्याच्या तोंडावर. तोवर या देशात सुमारे १,९०,००० माणसे गेली होती. राष्ट्राध्यक्षाने लोकांपासून दडवले याचा राग आहेच. पण ज्याच्याकडे ती ध्वनिफीत होती त्या पत्रकाराने ती सहा-सात महिने पुस्तकासाठी ठेवून दिली, याचा राग मला अधिक येतो, कारण पत्रकाराकडून माझी अपेक्षा अधिक होती. औदुंबरताई विचारतात की विश्वास ठेवावा का. माझा त्या शब्दांवर पूर्ण विश्वास आहे. ते मला वेळेवर का मिळाले नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

मोगरा

एडिसनकर, पिशव्यांचे वाचून थांबले. वहिनींना नमस्कार सांगा.

बोरू

एडिसनकर, तुमचा राग मी समजू शकतो. वुडवर्ड यांचे उत्तरही येथे नोंदवतो, कारण ते कामाच्या पद्धतीशी निगडित आहे. त्यांनी सांगितले की फेब्रुवारीत ट्रम्प जे बोलले ते खरे आहे की नाही हेच त्यांना कळत नव्हते. राष्ट्राध्यक्षांना ती माहिती कोठून मिळाली याचा उलगडा व्हायला मे महिना उजाडला, आणि मतदानापूर्वी संपूर्ण चित्र लोकांपुढे ठेवायचे हे त्यांनी ठरवले होते.

पहिला भाग मला पटतो, दुसरा पटत नाही. मे महिन्यात उलगडा झाला असेल तर जूनमध्ये ती फीत दैनिकात यायला हवी होती. दैनिकाचा वार्ताहर रात्री अकराच्या आत बातमी देतो, कारण उद्या तिचा उपयोग आहे. ग्रंथकार झालेला वार्ताहर तीच बातमी बाइंडिंग होईपर्यंत ठेवतो. राष्ट्राध्यक्षाच्या अखेरच्या वर्षात, निवडणूक तोंडावर असताना, हे दोन धर्म एका माणसाने पाळणे अवघड आहे आणि त्यांतला पहिला मोठा आहे असे मी मानतो.

सनदी

दुसऱ्या बाजूचे उदाहरण त्याच काळातले आहे. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याचे सचिव ब्रॅड राफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते ‘शोधून’ द्यायला सांगितले. तासाभराचे ते संभाषण ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दुसऱ्याच दिवशी ध्वनिफितीसकट प्रसिद्ध केले. तेथे कोणी पुस्तकासाठी थांबले नाही, आणि त्यामुळे ६ जानेवारीच्या आधी देशाला ते ऐकता आले.

मोडीलिपी

मी मराठ्यांच्या इतिहासाची साधने अभ्यासतो, तेव्हा माझ्या ओळखीच्या वाटेने या प्रश्नाकडे येतो.

औदुंबरताई ज्या पुस्तकांबद्दल विचारत आहेत, ती माझ्या मते बखरी आहेत, आणि हा शब्द मी आदराने वापरतो. बखरकार बहुधा माहीतगार माणूस असतो, दरबारातल्या लोकांना भेटलेला असतो, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची त्याची हातोटी असते, आणि मुखातले संवाद तो निःसंकोच लिहितो. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना पानिपताच्या छावणीतला खल आपल्याला ऐकू येतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे दिली, आणि त्यांच्या आधारे बखरींतल्या तपशिलांची झाडाझडती घेतली. तेव्हापासून आमच्यात नियमच आहे की बखर आणि अस्सल पत्र यांत विरोध आला तर पत्र खरे धरायचे. मात्र बखर कोणी जाळून टाकली नाही. त्या काळच्या माणसांना काय वाटले, कोणाविषयी कोणती कुजबुज होती, हे तिच्यातूनच कळते.

निक्सन यांच्याबाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. लोक म्हणतात की निक्सन यांचे सारे ध्वनिमुद्रित आहे, तेव्हा पुस्तकाची गरज काय. पण व्हाइट हाउसमध्ये ध्वनिमुद्रणाची यंत्रणा फेब्रुवारी १९७१ मध्ये बसली आणि निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी १६ जुलै १९७३ रोजी सिनेटच्या समितीपुढे तिचे अस्तित्व सांगितल्यावर ती बंद करण्यात आली. म्हणजे निक्सन यांना ज्या फितीने पाडले ती २३ जून १९७२ ची. वॉटरगेटच्या चौकशीच्या प्रमुखाला काढण्यावरून ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला ती २० ऑक्टोबर १९७३ ची शनिवारची रात्र, फिती सोपवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २४ जुलै १९७४ चा ८ विरुद्ध ० निकाल हाती पडल्यानंतरचे दिवस, ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर आणि इतर दोन रिपब्लिकन नेते पाठिंबा संपल्याचे सांगायला आले ती भेट, यांतले काहीही त्या यंत्रात नाही. जे वर्ष सर्वांत अशांत गेले, त्याच वर्षी यंत्र मुके होते. त्या वर्षासाठी ‘द फायनल डेज’ ही मुख्य बखर आहे, आणि तिच्यावर इतके प्रेम आणि इतका राग दोन्ही का जडले, याचे कारण मला यात दिसते.

कृष्णाकाठ

मोडीलिपी, यंत्र बंद होते हे मी कधी लक्षातच घेतले नव्हते. मग त्या वर्षाचे अस्सल पत्र म्हणावे असे काहीच नाही का?

मोडीलिपी

आहे. किसिंजर यांचे दूरध्वनीवरचे संभाषण त्यांच्या कार्यालयातले कर्मचारी ऐकत आणि टंकलिखित करून ठेवत. ती सुमारे २०,००० पाने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००४ मध्ये खुली केली. त्यांत ११ ऑक्टोबर १९७३ चे एक पान आहे. अरब-इस्राएल युद्ध चालू आहे, आणि ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना राष्ट्राध्यक्षांशी बोलायचे आहे असा निरोप किसिंजर यांचे सहायक ब्रेंट स्कोक्रॉफ्ट देतात. किसिंजर विचारतात की नाही म्हणून सांगता येईल का, कारण आपण बोललो तेव्हा राष्ट्राध्यक्ष प्यायलेले होते. अखेरच्या वर्षातल्या मद्यपानाविषयी बखरीने १९७६ मध्ये लिहिले तेव्हा ती बदनामी ठरवली गेली. अठ्ठावीस वर्षांनी तिला आधार देणारे पान निघाले.

मोगरा

याच मुद्द्यावर मला काही म्हणायचे आहे. त्या पुस्तकात निक्सन यांच्या पत्नी पॅट यांच्याविषयी, त्यांच्या वैवाहिक जीवनाविषयी आणि त्यांच्या पिण्याविषयी लिहिले आहे. पुस्तक आले त्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवरचे मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी घेतलेल्या मुलाखतीत निक्सन यांनी फार कडवटपणे सांगितले की तिने ते पुस्तक वाचले आणि तीन दिवसांत झटका आला. पुस्तकामुळे झटका आला असे मी म्हणत नाही, तसे कोणाला म्हणताही येणार नाही. पण राष्ट्राध्यक्ष दारू पिऊन युद्धकाळात फोन घेऊ शकत नाही, हे जाणून घेण्याचा जनतेचा अधिकार आहे. त्याची पत्नी संध्याकाळी एकटी काय करत होती, हे जाणून घेण्याचा अधिकार जनतेला कोणी दिला? ती कोणत्याही पदावर नव्हती. अखेरच्या वर्षाचे वृत्तांत लिहिणारे पत्रकार अनेकदा ही रेघ पुसून टाकतात आणि वाचक म्हणून आपणही ती पाने आधी उघडतो.

रानजाई

मोगरा, शंभर टक्के सहमत.

बोरू

मीही सहमत. आमच्या संपादकांचा एक प्रश्न ठरलेला असे, ‘हे वाक्य काढले तर बातमी पडते का?’ पडत नसेल तर काढा. पॅट निक्सन यांच्याविषयीची ती पाने काढली असती तरी पुस्तक उभे राहिले असते.

नीलमोहर

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. आपल्याकडे राष्ट्रपतीचे अखेरचे वर्ष वादळी गेल्याचे उदाहरण म्हणजे ग्यानी झैलसिंग यांचे १९८६-८७. टपाल कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक संसदेने संमत केले आणि त्यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. पंतप्रधान राजीव गांधी यांना ते बडतर्फ करणार अशी चर्चा दिल्लीत महिनोन्‌महिने होती. मार्च १९८७ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना लिहिलेले पत्र एका इंग्रजी दैनिकात छापून आले तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. मोडीलिपी यांच्या भाषेत ते अस्सल पत्र. बाकी राष्ट्रपती भवनात कोण कोणाला काय म्हणाले, ते ज्याच्या त्याच्या आठवणीत राहिले. ना फिती, ना शपथेवरच्या साक्षी. जुलैत कार्यकाळ संपला आणि विषयही संपला. अमेरिकेतल्या पुस्तकांना नावे ठेवताना, आपल्याकडे त्या वर्षाची तशी बखरही धड लिहिली गेली नाही, याचे मला वाईट वाटते.

एडिसनकर

सनदी, आपण शपथेवरच्या साक्षीवर फार भिस्त ठेवता असे वाटते. कॅसिडी हचिन्सन यांच्या साक्षीचे काय?

सनदी

तो प्रश्न मी टाळणार नाही, कारण औदुंबरताईंच्या शंकेचे उत्तर तेथेच अधिक स्पष्ट होते. हचिन्सन या व्हाइट हाउसच्या चीफ ऑफ स्टाफच्या सहायक होत्या आणि २८ जून २०२२ रोजी ६ जानेवारीच्या चौकशी समितीपुढे त्यांची जाहीर साक्ष झाली. त्यांच्या साक्षीतले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा.

पहिला १ डिसेंबर २०२० चा. निवडणुकीत निकाल बदलेल असा गैरप्रकार आढळला नाही, असे ॲटर्नी जनरल विल्यम बार यांनी वृत्तसंस्थेला सांगितले त्या दिवशी हचिन्सन व्हाइट हाउसच्या भोजनकक्षात गेल्या. तेथे एक सेवक टेबलावरची चादर बदलत होता, भिंतीवरून केचप ओघळत होते आणि खाली बशी फुटून पडली होती. त्यांनी टॉवेल घेतला आणि भिंत पुसायला मदत केली. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी पुसले. बशी फेकताना मात्र त्यांनी पाहिले नव्हते, राष्ट्राध्यक्षांनी ती फेकली हे त्यांना त्या सेवकाने सांगितले, आणि त्यांनी साक्षीत हा फरक स्पष्ट ठेवला.

दुसरा प्रसंग ६ जानेवारीचा. कॅपिटॉलकडे नेत नाहीत म्हणून ट्रम्प यांनी गाडीच्या स्टिअरिंगला हात घातला, असे आपल्याला दुसऱ्या अधिकाऱ्याने सांगितले, असे त्या म्हणाल्या. पुढे त्या गाडीच्या चालकाची जबानी प्रसिद्ध झाली. त्याच्या म्हणण्यानुसार स्टिअरिंगला हात घातलेला त्याने पाहिला नाही, पण राष्ट्राध्यक्ष कॅपिटॉलकडे जाण्याचा आग्रह धरत होते हे त्याने सांगितले. जगभरच्या वृत्तपत्रांनी मथळ्यात स्टिअरिंग घेतले होते. चालकाच्या जबानीने मथळ्यातला तपशील हलला आणि त्याच्या मागची मूळ गोष्ट, म्हणजे जमाव चालून जात असताना राष्ट्राध्यक्षांना तिकडेच जायचे होते, ती टिकली.

भिंत पुसणारी बाई आणि गाडीतली गोष्ट ऐकलेली बाई ही एकच व्यक्ती आहे आणि ती दोन्ही वेळा प्रामाणिक आहे. तरी दोन्ही वाक्यांचे वजन सारखे नाही. पुस्तकात ही दोन्ही वाक्ये एकाच शाईत, एकाच आवाजात छापली जातात. पत्रकारी वृत्तांताचा खरा दोष मला तेथे दिसतो.

रानजाई

हे मला पटले. ‘कादंबरीसारखी वाचते’ हे माझे विधान मी मागे घेते. कादंबरीत भिंत पुसणारा आणि ऐकून सांगणारा असा भेदच नसतो, येथे तो आहे आणि तो शोधणे वाचकाच्या हाती आहे.

कृष्णाकाठ

आणि गुडघे टेकण्याचे काय झाले? मूळ प्रश्न तोच होता.

मोडीलिपी

त्याला उत्तर आहे. निक्सन यांनी १९७८ च्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिले की त्या रात्री त्यांनी किसिंजर यांना आपल्याबरोबर प्रार्थना करायला सांगितले आणि दोघांनी गुडघे टेकले. किसिंजर यांनी १९८२ च्या आठवणींत लिहिले की आपण प्रत्यक्ष गुडघ्यांवर बसलो होतो की नाही, हे आपल्याला नीट आठवत नाही. खोलीत दोनच माणसे होती, दोघांनीही पुढे लिहिले, आणि तरीही गुडघ्यांची खात्री एकालाच आहे.

पुस्तकात त्या रात्रीचा पुढचा भागही आहे. किसिंजर आपल्या कार्यालयात परतले, दोन सहकाऱ्यांना त्यांनी ही हकीकत सांगितली, तेवढ्यात निक्सन यांचा फोन आला आणि एक सहकारी दुसऱ्या रिसीव्हरवरून ऐकत राहिला. मी रडलो हे कोणाला सांगू नका, अशी विनवणी निक्सन करत होते. औदुंबरताई, खोलीत तिसरा माणूस नव्हता हे खरे, पण त्यानंतर अर्ध्या तासात ही गोष्ट जाणणारी माणसे चार झाली होती.

औदुंबर

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

मोडीलिपी यांचा प्रतिसाद वाचून मी ती दहा-बारा पाने पुन्हा काढली. पहिल्या वाचनात मी त्या फोनच्या परिच्छेदावरून नुसती पुढे गेले होते. या वेळी कळले की हा प्रसंग कसा बाहेर आला याची वाट लेखकांनी पुस्तकातच ठेवलेली आहे, फक्त तिला पाटी लावलेली नाही. मग मी एक उद्योग केला. वाचनालयाचे पुस्तक असल्याने त्यावर खूण करता येत नाही, म्हणून वेगळ्या वहीत प्रत्येक प्रसंगापुढे खोलीत कोण कोण होते ते लिहीत गेले, आणि त्यांतला कोण बोलला असेल याचा तर्क पेन्सिलने मांडला. चाळीस पाने झाली आहेत. बहुतेक प्रसंगांत तीच पाच-सहा नावे पुन्हा पुन्हा येतात आणि त्या माणसांच्या मनात काय चालले होते तेही पुस्तकात येते. जे बोलले नसावेत, ते फक्त बाहेरून दिसतात, दारातून आत आले, काही न बोलता बाहेर गेले, एवढेच. बोरूकाकांची जीप मला जवळजवळ दिसू लागली आहे.

मोगरा, पॅट यांच्याविषयीच्या पानांपुढे मी काही लिहिले नाही. तेथे सांगणारी व्यक्ती कोणीही असली तरी ती त्यांच्या घरात वावरणारी, त्यांच्या विश्वासातली होती, एवढेच जाणवले आणि वाईट वाटले.

एडिसनकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. ‘रेज’ मी अजून वाचलेले नाही. ते वाचायला घेतले की तारखा आधी वहीत उतरवीन, कोणते वाक्य कोणत्या दिवशी बोलले गेले आणि आपल्याला कोणत्या दिवशी कळले, अशा दोन रकान्यांत.

मोडीलिपी, किसिंजर यांच्या फोनची ती पाने सामान्य वाचकाला कोठे पाहता येतील?

मोडीलिपी

जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संस्थेच्या संकेतस्थळावर निवडक पाने आहेत, छायाप्रतीच्या स्वरूपात. हीथ यांच्या फोनचे पान एकच आहे आणि टंकलेखन स्वच्छ आहे. ११ ऑक्टोबर १९७३, संध्याकाळी आठच्या सुमाराचे. वहीत त्याला बोलणारे दोन आणि ऐकून टंकणारा एक, असे तीन जण लिहावे लागतील.